राकसकोपच्या पातळीखाली समुद्राचीही एक ओळ हवी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी आणि खानापूर तालुक्यातील पावसाचे आकडे वाचल्याशिवाय आम्हा बेळगावकरांचा सकाळचा चहा पुरा होत नाही. त्या आकड्यांखाली अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे ताजे तापमानही छापावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी या तालुक्यातील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. चोर्ला घाट उतरला की गोवा, तरीही वर्गातील बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे महासागराचा धडा व्याख्या पाठ करण्यातच संपतो. गेल्या वर्षी तो 'आर्गो' तरंगकांच्या, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मोजयंत्रांच्या, आकड्यांवरून शिकवून पाहिला. जगभरच्या समुद्रांत असे सुमारे ४००० तरंगक आहेत; एरवी १००० मीटर खोलीवर वाहत राहणारा तरंगक साधारण दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना मोजलेले तापमान व क्षारता उपग्रहामार्फत पाठवतो. हे आकडे बहुधा दिवसभरातच सर्वांना विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडे हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था पाहते.

शाळेतील संगणक बंद असल्याने (तो बहुधा बंदच असतो) मोबाईलवरील आकडे मी फळ्यावर उतरवले आणि मुलांनी आलेख काढला. खोली खालच्या दिशेने का मोजायची, यावरच अर्धा तास गेला. पृष्ठभागावर २८ अंशांच्या घरात असलेले तापमान १००० मीटरवर ९ अंशांच्या आसपास आल्याचे पाहून एक मुलगा म्हणाला, "सर, हिरीत सूर मारल्यावर पायाला गार लागतंय, तसंच की हे!" उन्हाने तापलेले हलके पाणी वर राहते, हे मग मला वेगळे सांगावे लागले नाही.

क्षारतेचा आलेख तर थेट आमच्या गावशिवारात आला. अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार असतात, तर बंगालच्या उपसागराचे पाणी, त्यातही उत्तरेकडचे, मोठमोठ्या नद्यांमुळे बरेच कमी खारट असते. आमच्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळून त्याच उपसागरात जाते, तर याच तालुक्यातून निघणारी म्हादई पश्चिमेला अरबी समुद्र गाठते. म्हादई म्हटले की मुलांना केवळ पाणीवाटपाचा तंटाच आठवतो, त्यांना तिचे पाणीही दिसले याचे मला समाधान वाटले.

ताज्या आकड्यांची प्राथमिक तपासणी यंत्रच करते, तज्ज्ञांकडून दुरुस्ती पुढे होते, त्यामुळे एखादा आकडा चुकीचाही निघतो. माझ्या मते हाच त्यांचा गुण आहे, कारण पाठ्यपुस्तकातील आकड्यावर शंका घेण्याची सवय मुलांना कोणी लावत नाही. अडचण आहे ती भाषेची. संकेतस्थळे इंग्रजीत असल्याने खुणांचे अर्थ लावण्यातच शिक्षकाची संध्याकाळ जाते. शिक्षण खात्याच्या प्रशिक्षणात या विषयाला एक दिवस मिळाला आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषांत चार पानांची माहितीपुस्तिका निघाली, तरी पुष्कळ काम होईल.

तोवर आपण ती एक ओळ सुरू करावी. आपल्या अंकातून ती शाळेच्या फलकावर रोज कोणी लिहायची, याच्या पाळ्या नववीच्या मुलांनी लावूनही ठेवल्या आहेत.

आपला,
एक विज्ञान शिक्षक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव