‘चार्ज’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील न्यायालयीन वृत्तांत मी नियमित वाचतो. अलीकडे त्यांत ‘आरोपीवर चार्ज लागला’, ‘आरोपी डिस्चार्ज’ अशी वाक्ये वारंवार दिसतात. ती वाचून बातमीचा अर्थच लागत नाही, म्हणून हे पत्र.

‘चार्ज’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ गाडीवर माल लादणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. त्या एका ओझ्याच्या कल्पनेतून पदाची जबाबदारी, सेवेचे शुल्क, विजेचा प्रभार, गुन्ह्याचा आरोप आणि घोडदळाची चाल इतके अर्थ इंग्रजीत फुटले. मराठीनेही हीच कल्पना ‘भार’ या शब्दात जपली आहे, हे मला विशेष वाटते. अधिकारी पदभार स्वीकारतो, रजेवर जाताना कार्यभार सोपवतो, देयकावर अधिभार लागतो आणि शाळेतली मुले विद्युतप्रभार शिकतात. मात्र आपल्याकडे कोणता भार, हे शब्दातच सांगितलेले असते. विजेच्या बिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वहन आकार’ हे शब्द छापलेले असतात व ते कोणालाही अडत नाहीत. फोन ‘चार्ज’ करणे आता घराघरांत रुळले आहे. त्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती न्यायालयाच्या बातम्यांबाबत. मी तालुका न्यायालयात एकतीस वर्षे लिपिक होतो. एकदा एक बाई वर्तमानपत्राचे कात्रण पदराच्या गाठीत बांधून आमच्या टेबलापाशी आल्या आणि गाठ सोडता सोडता म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेब, चार्ज लागला म्हणजे माझ्या पोराला शिक्षा झाली का हो?’’ त्या दिवशी त्यांच्या मुलावर फक्त आरोप निश्चित झाले होते. एकही साक्षीदार तपासला गेला नव्हता. हे समजावून सांगेपर्यंत त्यांचे हात थरथरत होते.

पोलीस तपास संपवून न्यायालयात दाखल करतात ते दोषारोपपत्र. आरोपी कोठडीत असताना ते गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दाखल झाले नाही, तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. पुढे न्यायाधीश कागदपत्रे पाहून ठरवतात ती आरोपनिश्चिती, आणि खटला तिथून पुढे चालतो. पुरेसा आधार नसेल तर त्याच टप्प्यावर आरोपीला दोषमुक्त केले जाते, यालाच इंग्रजीत ‘डिस्चार्ज’ म्हणतात. पुरावा तपासून झाल्यावर होते ती निर्दोष मुक्तता. या दोहोंत मोठे अंतर आहे, कारण दोषमुक्त झालेल्यावर नवा पुरावा मिळाल्यास पुन्हा कारवाई होऊ शकते, तर निर्दोष सुटलेल्यावर, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले, तरी हे टप्पे तसेच आहेत.

धरणाच्या बातमीत आपले वार्ताहर ‘विसर्ग’ न चुकता लिहितात आणि नदीकाठच्या गावांना तो बरोबर समजतो. तितक्याच काळजीने न्यायालयाच्या बातमीत दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता यांपैकी नेमके काय घडले ते लिहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा