तूट किती ते छापता, माल कुठला तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनबरोबरच्या मुक्त व्यापार कराराची बातमी तुम्ही कोल्हापुरी चपलेचा फोटो लावून छापली, बरं वाटलं. जुलै २०२५ ला सह्या झाल्या, आपल्या ९९ टक्के वस्तूंवरची आयात ड्युटी तिकडं शून्य होणार, सगळं खरं. पण असे करार झाल्यावर आयात-निर्यातीचं गणित कसं फिरतं ते कुणी लिहीतच नाही. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी करार २०१० पासून लागू आहे, तेव्हा त्यांच्याबरोबर आपली व्यापारातली तूट (निर्यातीपेक्षा जास्तीची आयात) ५ अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०२२-२३ ला ती ४३ अब्जांच्या वर गेली. निर्यात वाढलीच की, पण आयात तिच्या कितीतरी पुढं पळाली.

आता तूट दिसली की करार वाईट असं मी म्हणत नाही. कच्चा माल स्वस्त आला आणि इथल्या कारागिराला काम मिळालं तर काय बिघडलं? आम्ही हुपरीची पैंजण-जोडवी करणारी माणसं, चांदी बाहेरूनच येणार हे आम्हाला ठाऊक आहे. गोम वेगळीच आहे. मे २०२२ पासून यूएईचा, म्हणजे दुबई ज्यात येते त्या देशाचा करार लागू झाला, त्यात तिकडच्या चांदीची ड्युटी दरवर्षी थोडी थोडी उतरणार असं ठरलं आणि बाकी जगाच्या चांदीवर मात्र पुढं १५ टक्के झाली, मग काय, २०२४ च्या सुरुवातीला दुबईमार्गे चांदीचा नुसता पूर. दुबईत चांदीची खाण आहे का हो? बाहेरचे बार आणायचे, वितळवून दाणे करायचे आणि माल यूएईचा म्हणून सवलतीत इकडं पाठवायचा. सरकारची ड्युटी बुडाली, तूट फुगली, आणि आमच्या दुकानात भाव? तो बाजारभावच. सवलत कुणाच्या खिशात गेली देव जाणे, आमच्या मजुरीत तरी ती दिसली नाही. शेवटी जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सगळ्यांचीच ड्युटी ६ टक्क्यांवर आणली तेव्हा ह्या आडवाटेत काही राम उरला नाही.

आसियानचंही तसंच, तिथं मालाच्या किमतीत ३५ टक्के भर पडली आणि टॅरिफ कोड (कस्टमच्या यादीतला मालाचा नंबर) बदलला की माल तिथलाच धरतात, उरलेला चीनचा असला तरी चालतो! अहो, गळती तिथंच आहे. त्या कराराचा फेरविचार करायचं २०२२ मध्ये ठरलं, म्हणजे बारा वर्षांनी.

तेव्हा चपलेचा फोटो पुरे झाला. आता शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना गाठा, ब्रिटनला कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) पाठवताना माल इथलाच आहे हे दाखवायला त्यांना किती कागद रंगवावे लागणार आहेत आणि छोट्या युनिटला ते झेपणार का, एवढं विचारून छापा.

आपला,
एक वाचक, हुपरी (जि. कोल्हापूर)