‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’, पण शनिवारी रात्री कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आरोग्याच्या पानावर कंडोम फाटल्यास काय करावं यावरचा लेख वाचला. हा विषय छापलात त्याबद्दल मनापासून आभार. पण अख्ख्या लेखात ‘घाबरून न जाता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ हे वाक्य तीनदा आहे आणि किती तासांत काय करायचं हे एकदाही नाही. म्हणून चिडून लिहायला बसले आहे.

आमच्यावर हा प्रसंग गेल्या पावसाळ्यात आला. शनिवार, रात्रीचे अकरा, धाकटी दीड वर्षाची शेजारी झोपलेली. मी न्हाणीघरात जाऊन साबणाने आतून धुऊन काढलं. त्याने गर्भ राहायचा थांबत नाही, मला दोन दिवस जळजळ मात्र झाली. रविवारी गावात एकच मेडिकल उघडं होतं. गर्भ राहू नये म्हणून नंतर घ्यायची गोळी आणायला मिस्टर गेले, तर दुकानदार चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाला, “गर्भपाताच्या गोळ्या आम्ही ठेवत नाही, डॉक्टरची चिठ्ठी आणा.” ते मान खाली घालून परत आले. मग मी गेले. “वहिनी, मघाशी त्यांना सांगितलंय,” म्हणून त्याने माझ्या मागच्याला खोकल्याचं औषध दिलं. सोमवारी दुपारी तालुक्याला जाऊन गोळी घेतली, तोवर चाळीस तास उलटले होते. पाळी सहा दिवस उशिरा आली. त्या सहा दिवसांत मी स्वयंपाक अर्धा टाकून किती वेळा न्हाणीघरात जाऊन बघितलं, ते माझं मला ठाऊक.

ती गोळी गर्भपाताची नाही. ती बीज सुटणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही आणि तिला चिठ्ठीही लागत नाही. ७२ तासांच्या आत घ्यायची, पण जितकी लवकर तितकी उपयोगी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाच दिवसांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवून घेतली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची. हे सगळं मला नंतर सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने पाच मिनिटांत सांगितलं. कंडोम का फाटला तेही तिनेच सांगितलं: खोबरेल तेलाने ते रबर कमकुवत होतं. बारा वर्षांच्या संसारात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मला भीती फक्त दिवस जाण्याची होती. जोडीदाराला एचआयव्ही आहे किंवा त्याची तपासणीच झालेली नाही, अशा माणसाला तर थांबायला अजिबात वेळ नाही. त्यावर प्रतिबंधक औषध असतं, तेही ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं, शक्यतो पहिल्याच दिवशी, आणि २८ दिवस रोज घ्यावं लागतं. त्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, जाऊन विचारायचं, १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते. गर्भ राहू नये म्हणून घेतलेली गोळी एचआयव्हीपासून किंवा गुप्तरोगांपासून वाचवत नाही. काही त्रास होत नाही म्हणून तपासणी टाळायची नाही, कारण यातल्या कित्येक रोगांचं लक्षण सुरुवातीला दिसतच नाही. तुमच्या लेखात या सगळ्यासाठी ‘इतर संसर्ग’ एवढे दोनच शब्द होते.

आणखी एक. त्याच पानावर खाली ‘मर्दानी ताकद’ वाढवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आहे, फोन नंबर ठळक अक्षरांत. त्याला जागा मिळते आणि १०९७ ला मिळत नाही, याचा मला फार राग आला. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षांनंतर त्याच महाराष्ट्रात माझ्या नवऱ्याला औषधाच्या दुकानातून मान खाली घालून यावं लागलं.

विनंती एवढीच की येत्या रविवारी हे तास आणि हा नंबर चौकटीत छापा, अक्षर मोठं ठेवा. मी ती चौकट कापून त्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवर नेऊन ठेवणार आहे. घरात सगळेच आपला पेपर वाचतात, तेव्हा कृपया माझं नाव छापू नये.

आपली,
एक वाचक, सांगली जिल्हा