रिमॅप केलेल्या टर्बो गाडीत प्लग कुठला टाकला ते बिलावर लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांच्या पानावर नवीन मॉडेल, मायलेज, सनरूफ सगळं येतं, पण टर्बो पेट्रोल गाडी घेऊन ती रिमॅप करणारी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारी पोरं पुण्यात आता गल्लोगल्ली दिसतात आणि त्यांच्या गाड्यांत स्पार्क प्लग कसले बसतायत यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

माझी फियाटची लिनिया टी-जेट आहे, आपल्या रांजणगावला बनलेली, 1368 सीसी, कंपनीने दिलेले 114 पीएस. रिमॅप करून बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला तेव्हाच गॅरेजवाला म्हणाला की आता भारीतले इरिडियम प्लग टाकू, मी हो म्हटलं. पहिल्याच रविवारी खंबाटकी घाट चढताना चौथ्या गियरमध्ये पाय दाबला की गाडी झटके मारायला लागली. हळू चालवली की काहीच नाही, एकदम स्मूद. मग प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल बदलली, पेट्रोल पंप तपासला, सेन्सर साफ केले, दोन महिने आणि बरेच पैसे गेले, आणि शेवटी एका मित्राने प्लग काढून फट मोजायचा फीलर गेज लावला तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, 1.1 मिलिमीटर! बॉक्समधून निघाला तसाच बसवलेला, कुणी मोजलाच नव्हता. 0.6 वर आणला आणि मिसिंग, म्हणजे ते झटके, त्याच दिवशी गेलं.

हे असं का होतं ते गॅरेजमध्ये कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, दाब वाढतो, आणि अशा दाटलेल्या हवेतून ठिणगी पलीकडे जायला जास्त व्होल्टेज लागतं. बूस्ट तुम्ही वाढवला पण कॉइल तर जुनीच आहे ना, ती कुठून आणणार एवढं व्होल्टेज? म्हणून गॅप कमी करायचा, टर्बोला कंपनीकडून बहुतेक 0.7-0.8 च्या आसपास असतो, रिमॅपनंतर 0.6 वगैरे, अजून जास्त बूस्ट असेल तर आणखी थोडा कमी. उगाच फार कमी पण नाही करायचा, ठिणगी इवलीशी होते आणि आयडलिंगला गाडी थरथरते.

दुसरा घोळ हीट रेंजचा. हॉट प्लग म्हणजे जोरदार ठिणगी असं मला तीन वेगवेगळ्या मेकॅनिकनी सांगितलंय आणि ते साफ चूक आहे. हीट रेंजचा ठिणगीशी संबंधच नाही, प्लगच्या टोकाची उष्णता हेडमध्ये किती लवकर निघून जाते एवढंच त्यात आहे. आतल्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता अडकते, तो हॉट, आखूड असेल तर पटकन निघून जाते, तो कोल्ड. टोक साधारण 450 डिग्रीच्या वर असलं की काजळी आपोआप जळते, आणि 800-850 च्या वर गेलं की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेट घेतं, तिथे पिस्टनचं काय होतं ते ज्याने इंजिन उघडलंय त्याला विचारा.

आता नंबर. एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर वाढला की प्लग कोल्ड होतो, बॉशमध्ये बरोबर उलटं, नंबर वाढला की हॉट. माझ्या एका मित्राने दुकानात जाऊन एक नंबर वरचा द्या एवढंच सांगितलं, दुकानदाराने बॉशचा एक नंबर वरचा दिला, म्हणजे पाहिजे होता कोल्ड आणि बसला हॉट. महिन्याभराने काढला तर चिनीमाती पांढरीफटक आणि त्यावर बारीक चकचकीत कण, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. वेळेवर बघितलं म्हणून इंजिन वाचलं त्याचं.

पण म्हणून दोन स्टेप, म्हणजे हीट रेंजचे दोन नंबर, कोल्ड टाकायची पण गरज नाही, मी टाकून बघितलेत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज तासभर रांगत जाणाऱ्या गाडीत ते प्लग तापतच नाहीत, काजळून काळे पडले आणि डिसेंबरमध्ये सकाळी गाडी स्टार्ट व्हायला रडायची. ट्यूनर लोकांचा ठोकताळा असा आहे की दर 75 ते 100 हॉर्सपॉवर वाढीला एक स्टेप कोल्ड. नुसता सॉफ्टवेअरचा रिमॅप असेल तर कंपनीचीच रेंज किंवा फार तर एक स्टेप, बास. आणि रिमॅप 95 किंवा 100 ऑक्टेनवर केलेला असताना साधं पेट्रोल भरलं तर कुठलाही प्लग नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठोकाठोक, थांबवू शकत नाही हे पण सांगतो.

इरिडियम वाईट आहे असं नाही, टोक बारीक असल्यामुळे कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते आणि टिकतो खूप. पण चुकीच्या रेंजचा इरिडियम टाकण्यापेक्षा बरोबर रेंजचा साधा निकेल टाकून दर दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदललेला कधीही चांगला. इरिडियमचा गॅप करताना फक्त वरची बाहेरची पट्टी वाकवायची, मधल्या टोकाला पाना लागला की ते तुटतं. आणि प्लग इंजिन थंड असतानाच काढा, टॉर्क रेंचनेच बसवा, ॲल्युमिनियम हेडचे आटे एकदा गेले की प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो.

गॅरेजवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की बिलावर नुसतं प्लग चार नग असं लिहू नका, कंपनी, पूर्ण नंबर, मोजलेला गॅप आणि गाडीचे किलोमीटर लिहा, दोन मिनिटं लागतात. माझ्या बिलावर ते असतं तर मी कॉइल बदललीच नसती. आणि संपादक साहेब, गाड्यांची चाचणी आणि संशोधन करणारी एआरएआय संस्था आपल्या कोथरूडलाच आहे, तिथल्या एखाद्या इंजिनिअरकडून हीट रेंजवर सोप्या मराठीत अर्धं पान लिहून घ्या, बॉश आणि एनजीकेच्या नंबरांचा तक्ता शेजारी शेजारी छापा, मी ते कापून माझ्या गॅरेजच्या भिंतीवर लावून येतो.

आपला,
एक नेहमीचा वाचक, पुणे