दिघोरीच्या घरातली पंगत मोडू नये म्हणून : एक आवाहन

सप्रेम नमस्कार.

आयुष्यभर कृषी विद्यालयात शिकवलेले आणि नागपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत नुसतं ‘सर’ म्हटलं तरी ओळखले जाणारे आमचे सर या उन्हाळ्यात गेले. त्यांचं नाव इथे मुद्दाम घातलेलं नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि सरांनाही पत्रिकेवर नाव छापलेलं कधी खपलं नाही. ज्यांनी त्यांना पाहिलं ते ओळखतीलच. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहीत आहोत, कारण पैसे मागायचे तर कोणाच्या मागे आणि कशासाठी, हे देणाऱ्याला कळलं पाहिजे.

तेरवीनंतर त्यांचे जुने विद्यार्थी आणि गावोगावचे कास्तकार एकत्र बसले. अर्धपुतळा, गावच्या रस्त्यावर कमान, एखाद्या सभागृहाला नाव, असे नेहमीचे सगळे प्रस्ताव आले. कमानवाल्यांचा आग्रह अजून सुटलेला नाही. त्यांनी ती खुशाल उभारावी, पण या निधीतून नाही. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की जुलैत पोरं येतील, त्यांना काय सांगू? आमच्या समितीचं काम तिथेच ठरलं.

ही पोरं म्हणजे कोण, ते सांगतो. कुही, भिवापूर, उमरेड, मौद्याकडच्या एखाद्या गावातल्या मुलाचा दहावीनंतर कृषी पदविकेला किंवा बारावीनंतर बी.एस्सी. कृषीला नागपुरात नंबर लागतो. घरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी राहायचं कुठे हा प्रश्न उभा राहतो. प्रवेशफेऱ्या लांबतात, वसतिगृहाची यादी त्याच्याही नंतर लागते, आणि वर्ग मात्र सुरू झालेले असतात. खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, पुस्तकं, प्रयोगवह्या असं सगळं एकदम अंगावर येतं. तेही नेमकं अशा वेळी, जेव्हा बापाच्या हातातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. पोरगं ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून गावी परततं. त्यातली फार थोडी पुढच्या वर्षी येतात.

सरांनी आपल्या घराची समोरची खोली अशा मुलांसाठी मोकळी केली होती. नागपुरात दिघोरी नाक्यावरून आत शिरलं की डाव्या हाताला ते घर आहे. उमरेड रोडनं येणाऱ्या एसटीतून उतरलं की चालत पोचता येतं, म्हणूनही ते सगळ्यांना सोयीचं. मुली वरच्या मजल्यावर, काकू आणि त्यांच्या लेकीसोबत राहतात. यादी लागली की काही जण वसतिगृहात जातात, ज्यांचा नंबर लागत नाही ते वर्षभर इथेच असतात. भाडं घ्यायचं नाही हा घरचा नियम. नियम दुसराही होता: संध्याकाळचं जेवण सगळ्यांनी एका पंगतीत करायचं, आणि आज कोणाच्या वावरात काय चाललंय ते एकेकानं सांगायचं. काकूंच्या हातचं तुरीचं वरण आणि पातोडीची भाजी खाऊन पदवीधर झालेली माणसं आज कृषी सहायक आहेत, बँकेत आहेत, काही स्वतःच्या शेतावर आहेत. सर पेन्शनमधून भागवत. काकूंच्या नावावर आता येईल ते कुटुंबनिवृत्तिवेतन, म्हणजे आधीपेक्षा कमी. त्यांनी हात आखडता घेतलेला नाही, पण त्यांच्यावर हा भार टाकून आपण सरांच्या आठवणी सांगत बसणं बरं दिसत नाही.

सर घरातले माणूस होते, हे त्यांच्या शेतीइतकंच सांगण्यासारखं आहे. कार्यक्रम काटोलला असो की रामटेकला, ते मुक्काम करत नसत. शेवटची एसटी पकडून घरी. कारण त्यांच्या आईला शेवटच्या वर्षांत दिसेनासं झालं होतं आणि सकाळी कळमना बाजाराचे भाव तिला सरांच्याच तोंडून ऐकायचे असत. तूर कितीनं गेली, हरभरा कितीनं, भिवापुरी मिरचीला काय मिळालं. म्हातारीची शेती सुटून कैक वर्षं झाली होती. तरी भाव पडला की तिचा दिवस खराब जायचा आणि वाढला की ती पोरांना गूळ-शेंगदाणे द्यायला लावायची. खोलीतली मुलं सांगतात की बाजारभाव वाचायची सवय त्यांना वर्गात लागली नाही, या आजीच्या खाटेजवळ लागली.

आता त्यांच्या गावातल्या कामाविषयी. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचं. कापूस, लिंबूवर्गीय फळं आणि मृदा सर्वेक्षण यांच्या देशपातळीवरच्या संस्था याच नागपुरात आहेत. म्हणजे ज्ञानाचा तुटवडा या शहरात नाही. ते धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, पोचत नाही, ही अडचण. सर दोन्हींच्या मधे उभे होते.

मातीचा नमुना घ्यायचं त्यांचं शिकवणं ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. रब्बी निघाली की उन्हाळवाहीआधी ते गावात जात. धुऱ्याजवळची, विहिरीजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा सोडायची. वावरात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा करायचा, साधारण वीतभर खोल, आणि त्याच्या एका बाजूची पातळ चकती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घ्यायची. सगळी माती कापडावर मिसळून गोल पसरायची, बोटानं चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे. उरलेली पुन्हा मिसळायची, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची, खताच्या रिकाम्या गोणीत कधीच नाही, नाहीतर अहवाल खताचा येतो. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या, तेव्हा ती पत्रिका घरातल्या शिकत्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा त्यांचा आग्रह असे.

त्या पिशवीत एक चिठ्ठी टाकावी लागते: गट क्रमांक, मागचं पीक, पुढचं पीक आणि शेत कोणाच्या नावावर. इथे सर थांबत. निंदण, खुरपण, वेचणी करणारी बाई समोर उभी असायची आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसायचं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून चढवता येतं, त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे, हे ते तिथेच झाडाखाली समजावत आणि लगेच तलाठ्याकडे जायचा दिवस ठरवत. विदर्भात धनी गेल्यावर वारसाच्या फेरफारासाठी चकरा मारणाऱ्या, पीककर्जासाठी बँकेच्या दारात बसलेल्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सरांच्या वडिलोपार्जित जमिनीवर काकूंचं नाव आधी चढलं आणि मग त्यांनी गावात बोलायला सुरुवात केली. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामात हे काम सर्वांत मोठं होतं, आणि त्याचा कुठे सत्कार झाला नाही.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागांत त्यांचं दुसरं रूप दिसायचं. ‘सर, डिंक्या आला, कोणतं औषध मारू?’ असं खोडातून डिंक गळण्याच्या रोगाबद्दल कोणी विचारलं की ते आधी झाडाशी बसून बुंध्याजवळची माती हातानं उकरत. कलमाचा जोड मातीत गेला असेल किंवा ओलिताचं पाणी थेट खोडाला लागत असेल, तर औषधाआधी ते दुरुस्त करायचं. दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी मुळांना मिळेल आणि खोड कोरडं राहील. मग बोर्डो मलम. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून तिसरीत एकत्र ओतायचं. मिश्रण जमलं की नाही हे पाहायला ते खिशातून लोखंडी खिळा काढून त्यात बुडवत. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी घाला. स्वच्छ निघाला तर लावा खोडाला, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. तो खिळा अजून काकूंकडे आहे.

२०१७चा हंगाम सगळ्यांनाच आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, आणि त्याच साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं पीक, खाल्ली. तेव्हापासून सरांच्या पिशवीत हातमोजे आणि मास्क असायचेच. उपाशीपोटी फवारायला जाऊ नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून पंप चालवू नका, चोंदलेलं नोझल तोंडानं फुंकू नका, एवढं ऐकल्याशिवाय ते कीटकनाशकाचं नावही सांगत नसत. फरदडीवरून, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवण्यावरून, त्यांचे कास्तकारांशी वादही झाले. ओलिताची पऱ्हाटी डिसेंबरनंतर उभी ठेवली की एक-दोन वेचे जास्त निघतात, हे त्यांना मान्य होतं. पण तीच अळी पुढच्या वर्षी पूर्ण गावाच्या डोमकळ्यांत, म्हणजे अळी लागून न उमललेल्या फुलांत, बसते, हे ते पाटीवर हिशेब मांडून दाखवत. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. काही गावांनी मात्र ठराव करून पऱ्हाटी वेळेत उपटली.

शेतकऱ्यांच्या पोरांना शहरात छप्पर देण्याची वाट विदर्भाला नवी नाही. स्वतंत्र भारताच्या कृषिमंत्रिपदी १९५२ ते १९६२ या काळात राहिलेले भाऊसाहेब डॉ. पंजाबराव देशमुख यांनी त्याच्या कितीतरी आधी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं, सर्व जातींच्या मुलांसाठी. आमचं काम त्यापुढे एका खोलीएवढं आहे.

तर मागणं असं. यंदा घरात सहा विद्यार्थी वर्षभर राहतील. एकाचा जेवणाचा आणि शहर बसचा खर्च महिन्याला ३,५०० रुपये धरला आहे. दहा महिन्यांचे सहा जणांचे २,१०,००० रुपये होतात. यादी लागेपर्यंत येऊन राहणाऱ्या मुलांसाठी, आणि उन्हाळ्यातल्या माती नमुन्यांच्या व जूनमधल्या बियाणं तपासणीच्या गावफेऱ्यांसाठी आणखी ९०,००० रुपये लागतील. एकूण ३,००,०००. घराच्या डागडुजीला यातला एक रुपयाही जाणार नाही, ते घरचे लोक पाहतील.

पैसे देणं जमत नसेल तर धान्य द्या. खरं म्हणजे आम्हाला ते जास्त आवडेल. मौदा-रामटेककडून तांदूळ, उमरेडकडून तूर, ज्याच्याकडे जे पिकेल ते. पायलीभर असलं तरी चालेल. गावाहून शहरात येणाऱ्या कोणाच्याही गाडीत टाकून पाठवा. जुन्या विद्यार्थ्यांनी वापरलेली पुस्तकं आणि चालू स्थितीतल्या सायकली द्याव्यात. महाराजबागेपर्यंत दिघोरीहून रोज बस बदलत जाणं पोरांना जड पडतं.

आणि ज्यांनी सरांच्या हाताखाली शिकून नोकऱ्या केल्या त्यांनी, विशेषतः निवृत्त मंडळींनी, वेळ द्यावा. जून तोंडावर आला की गावोगाव बसून गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे उगवून दाखवायचे आहेत. सत्तरच्या खाली उगवले तर बियाणं बदला किंवा एकरी प्रमाण वाढवा, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, हे सांगायला कोणीतरी ओळखीचं माणूस लागतं. मोबाइलवरचा संदेश कास्तकार वाचतो, पण ऐकतो ओळखीच्याचं. धानाच्या पट्ट्यात मिठाच्या पाण्यातली बीजप्रक्रिया करून दाखवायची आहे: दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, तरंगतं ते काढून टाकायचं, बुडालेलं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. हे तासाभराचं काम आहे. जाण्यायेण्याचं भाडं समिती देईल. भाषणाची सोय नाही.

देणगीबद्दल दोन गोष्टी आधीच स्पष्ट सांगतो. समिती नवी आहे. ८०-जीची नोंदणी झालेली नाही, त्यामुळे आयकरात सवलत मिळणार नाही. आणि खात्याचा क्रमांक किंवा क्यूआर कोड आम्ही कुठल्याही गटावर टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. श्रद्धांजलीच्या नावाखाली खोटे क्रमांक फिरवणारे कमी नाहीत. समितीच्या नावानं कोणी असा क्रमांक पाठवला तर पैसे भरू नका, आम्हाला कळवा. आपल्या गावातल्या सरांच्या जुन्या विद्यार्थ्याकडे छापील पावतीपुस्तक असेल, नाहीतर थेट घरी या. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. दर तिमाहीचा हिशेब समोरच्या खोलीच्या भिंतीवर लावला जाईल आणि तो कोणीही येऊन पाहू शकेल, देणगी दिली असो वा नसो.

यायचं झाल्यास संध्याकाळी सातनंतर या. त्या वेळी सगळे घरी असतात, आणि काकू जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, तेव्हा पोटात जागा ठेवून या.

आपले,
सरांचे विद्यार्थी आणि गावकरी
स्मृती समिती, नागपूर