एक लाख व्ह्यूज, खरं बस्त्याला कोण आलं?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमचं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासून, आणि निम्मं गिऱ्हाईक लग्नाच्या बस्त्याचं, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, निपाणी आणि चोर्ला घाटातनं वर येणारे डिचोली-साखळीकडचे लोक. अख्खं घर गाडी करून येतं, सकाळपासून साड्या बघतं, दुपारी बाजारातच जेवतं आणि संध्याकाळी कुंदा घेऊन परत जातं. हे आधी सांगतोय कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांमागं आम्ही पण सगळ्यांसारखं ऑनलाईन मार्केटिंग सुरू केलं. एका एजन्सीला महिन्याला आठ हजार ठरवले, जाहिरातीचा खर्च वेगळा. महिना संपला की रिपोर्ट यायचा, रंगीत, ग्राफ वगैरे काढलेला, रीच एवढा, इम्प्रेशन एवढे, फॉलोअर एवढे वाढले. एका रीलला एक लाख चाळीस हजार व्ह्यूज आले तेव्हा आम्ही दुकानात सगळ्यांना कुंदा वाटला. खरं त्या महिन्यात रील बघून आलो म्हणणारं एक पण घर बस्त्याला आलं नाही. मी प्रत्येकाला विचारायचो की ओ, कुठनं कळलं म्हणून, उत्तर ठरलेलं, मावशीनं सांगितलं, नाहीतर थोरलीचा बस्ता इथंच बांधला होता.

शेवटी माझी पुतणी, बीसीए करते, ती एका रविवारी मोबाईल घेऊन बसली आणि इन्स्टाग्रामचे इनसाइट्स, म्हणजे रील कुणी आणि कुठनं बघितलं त्याचा हिशोब, उघडून दाखवले. बघणारे बहुतेक दिल्ली, लखनऊ, पाटण्याचे. जाहिरात अख्ख्या भारताला लावलेली आणि उद्देश व्हिडिओ व्ह्यूज असा निवडलेला, कारण असे व्ह्यूज स्वस्तात पडतात आणि रिपोर्टात आकडा मोठा दिसतो. तिनं सांगितलं काका, तुम्ही व्ह्यूज मागितले तर ते बघणारी माणसं शोधून देतात, मेसेज मागितले तर मेसेज करणारी शोधतात, जे मागाल ते मिळतं. हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

रीच म्हणजे किती माणसांपर्यंत पोचलं आणि इम्प्रेशन म्हणजे किती वेळा दिसलं, एकाच माणसाला पाचदा दिसलं तर रीच एक आणि इम्प्रेशन पाच, एवढा साधा फरक मला वर्षभर माहीत नव्हता. फेसबुकवर पूर्वी तीन सेकंद व्हिडिओ चालला की तो व्ह्यू धरायचे, तीन सेकंदात पदराची घडी पण उलगडत नाही. आणि कंपन्यांचे आकडे म्हणजे दगडावरची रेघ असंही नाही, लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ बघतात तो आकडा आपण दोन वर्षं फुगवून दाखवत होतो हे फेसबुकनं २०१६ मध्ये स्वतःच कबूल केलेलं आहे.

आता आमच्या सीमाभागाचा म्हणून जो खास त्रास आहे तो सांगतो, त्याच्यासाठीच मुद्दाम लिहायला घेतलं. आमचा बाजार राज्याची हद्द बघून चालत नाही. जाहिरात लावणारानं राज्य म्हणून कर्नाटक निवडलं की पैसे बिदर-बळ्ळारीपर्यंत जातात आणि तासाभरावरचं चंदगड बाहेर राहतं. महाराष्ट्र निवडलं की नागपूरला जाहिरात दिसते. गोवा तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. आम्ही आता नकाशावर पिन टाकून त्याच्याभोवती गोल आखतो, एक बेळगाव, एक गडहिंग्लज, एक डिचोली, आणि तेवढ्यातच जाहिरात दाखवतो. व्ह्यूज चार-पाच हजारच येतात, खरं व्हॉट्सअपवर "बस्त्याला कधी येऊ" म्हणून विचारणारे आता येतात.

भाषेचं पण तसंच. एजन्सीनं एकदा "मराठी" भाषा निवडून जाहिरात लावली तर ती जाईच ना कुणाकडं. कारण तिथं भाषा म्हणजे माणूस घरात काय बोलतो ते नाही, त्यानं आपलं फेसबुक कुठल्या भाषेत ठेवलंय ते बघतात, आणि आमच्याकडं घरात मराठी, बाजारात कन्नड नि मोबाईल इंग्रजीत असा प्रकार. भाषेची अट काढून टाकली आणि जाहिरातीतला मजकूरच मराठीत, दुसरा कन्नडमध्ये असा केला, मग बरं चाललं.

वेबसाईटचं गूगल अ‍ॅनालिटिक्स (वेबसाईटवर किती जण, कुठनं आले ते मोजणारं साधन) बघितलं तर निम्मे लोक बेंगळुरूचे दिसायचे. मी म्हटलं बेंगळुरूत आपलं कोण आहे बाबा. तर गाव ओळखायला ते आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर जोडणीला मिळालेला नंबर, बघतात आणि मोबाईल नेटवर तो बऱ्याचदा लांबच्या मोठ्या शहराचा दिसतो, माणूस बसलाय खानापुरात. म्हणून त्या गावांच्या यादीवर मी तरी भरवसा ठेवत नाही. त्यापेक्षा माणूस कुठल्या वाटेनं आला ते कळणं गरजेचं, आणि त्यात पण गंमत अशी की व्हॉट्सअपवरनं लिंक दाबून आलेले बरेचसे "डायरेक्ट", म्हणजे कुठल्याच वाटेनं नाही तर थेट आलेले, म्हणून धरले जातात, त्यामुळं आमच्याकडं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आणणारं व्हॉट्सअप रिपोर्टात कुठंच दिसत नव्हतं. आता आम्ही लिंकच्या मागं यूटीएमची शेपटी, म्हणजे माणूस कुठनं आला ते सांगणारे चार शब्द, जोडतो, व्हॉट्सअपची वेगळी, इन्स्टाग्रामची वेगळी, दुकानातल्या क्यूआर बोर्डाची वेगळी. गूगलचं त्याच्यासाठी फुकट पान आहे, पाच मिनिटांचं काम, खरं दोन वर्षांत पैसे घेणाऱ्या कुणी ते केलं नव्हतं.

अजून एक. आमच्या वेबसाईटवर गावाचं नाव फक्त २०१४ च्या नामांतरानंतरचं, बेळगावी असंच लिहिलेलं. सर्च कन्सोल नावाचं गूगलचंच दुसरं एक फुकट साधन आहे, लोक काय टाईप करून आपल्यापर्यंत आले ते त्यात बरंचसं शब्दाला शब्द दिसतं. तिथं बघितलं तर इंग्रजीतलं जुनं स्पेलिंगच सगळ्यात वर, त्याच्याखाली मराठीत बेळगाव, नवीन नाव तिसरं. गोव्याचा, कोल्हापूरचा माणूस जुन्याच नावानं शोधतो. आता पानावर तिन्ही लिहिलीत. लोक आपल्या गावाला काय म्हणतात हे असं आकड्यात दिसलं तेव्हा मला भरून आलं, खोटं नाही सांगत.

आता जे सगळ्यात जास्त लागलं ते. एजन्सी बंद करायची म्हटल्यावर कळलं की अ‍ॅनालिटिक्सचं खातं त्यांच्याच जीमेलवर, फेसबुक पेजचे मुख्य अ‍ॅडमिन तेच. पेज कसंबसं महिन्यानं मिळालं, अ‍ॅनालिटिक्स मिळालंच नाही, दोन लग्नसराईंचा हिशोब गेला. वहीत लिहिला असता तर तो माझ्या गल्ल्याखाली राहिला असता. नवीन खातं आता माझ्या नावावर आहे आणि बाकीच्यांना फक्त बघायची परवानगी दिलेली आहे. त्यात सुद्धा एक सेटिंग बघून घ्या, बारीक तपशील मुळात दोनच महिने ठेवला जातो, तो चौदा महिने करता येतो. तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन मागच्या वर्षीशी ताडून बघायचा तर दोन महिन्यांत काय होणार.

माझी विनंती एवढीच की आपल्या पेपरनं आठवड्यातनं एकदा थोडी जागा या विषयाला द्यावी, साध्या मराठीत, आमच्या भागातली उदाहरणं घेऊन. वडगाव-खासबागचे मागवाले, खानापूरचे काजूवाले, घरात बसून चटण्या-पापड करणाऱ्या बायका, सगळे आता रील करायलेत आणि कुणालातरी पैसे देऊन लाईक मोजायलेत. लाईकपेक्षा सेव्ह किती झालं, पुढं किती जणांनी पाठवलं, फोन किती आले, गूगल मॅपवर दुकानाचा रस्ता किती जणांनी विचारला हे बघा म्हणून त्यांना कुणी सांगत नाही. आमच्याकडं तर सेव्ह केलेली साडीच मोबाईलमध्ये दाखवत बायका येतात, "हीच पाहिजे" म्हणतात.

आपण सदर सुरू करणार असाल तर पुतणी लिहायला तयार आहे, पैसे नकोत. आणि कुणाला आपलं खातं कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्यायचं असेल तर बुधवारी दुपारी आमच्या दुकानात गर्दी नसते.

आपला,
एक साडी व्यापारी, शहापूर, बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती)