रोही धडकला, आता दावा कोणावर?

संपादक महोदय,

चोपड्यात माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. हरभरा घाटे धरू लागला की बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर अडावद, धानोरा, किनगावच्या पट्ट्यात रात्री रोही आडवे येतात आणि सकाळी माझ्या दारात गाड्या. रोही म्हणजे नीलगाय, उंच जनावर. बंपर त्याच्या पायांना लागतो, धड बोनेटवरून थेट काचेवर येतं. परवाच्या पिकअपच्या वायपरमध्ये राखाडी केसांचा पुंजका अडकलेला होता. मोटरसायकलचे तर दोन्ही शॉकअप वाकून चाक इंजिनला टेकतं. चालवणाऱ्याचं काय होत असेल ते सांगायला नको.

विम्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं : "विमा शे ना भाऊ, पाच वरीसना!" कागद पाहावा तर तो थर्ड पार्टी. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा सक्तीचा झाला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुतेकदा पहिल्या वर्षापुरताच असतो, पुढे कोणी भरत नाही. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. रोहीने तुमचं केलेलं त्यात बसत नाही. शोरूममध्ये हे सांगायला अर्धं मिनिट पुरे, पण हार-पेढ्यांच्या गडबडीत तेवढंही कोणी काढत नाही.

याहून वाईट गोष्ट जिवाची. पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो. तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी, मोडलेल्या पायाच्या बिलासाठी नाही. आमच्याकडे गाडी बापाच्या नावावर आणि चालवतो मुलगा. बापाकडे लायसन्स नसलं तर हा भाग पॉलिसीत नसतोच. असला तरी तो बापाला लागू, मुलाला नाही. 2009 मध्ये निकाल लागलेल्या निंगम्मा खटल्यात दुसऱ्याकडून मागून आणलेली मोटरसायकल बैलगाडीला धडकून एकजण गेला होता. घरच्यांचा मोटार वाहन कायद्याच्या कलम 163-अ खालचा दावा सुप्रीम कोर्टाने मानला नाही. गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी धरला जातो, आणि मालकाला स्वतःच्याच गाडीवर दावा लावता येत नाही. खेड्यातल्या अर्ध्या गाड्या अशा मागूनच चालतात!

मोकाट गुरांची तऱ्हा वेगळी. म्हैस मेली तर मालक पाच मिनिटांत भरपाई मागायला हजर. माणूस पडला तर म्हैस कोणाचीच नसते. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, पण त्यासाठी मालक सापडायला हवा. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. पोलिसांनी तो नंबर पंचनाम्यात लिहावा, एवढंच मागणं आहे.

रोहीला मालक नाही. त्याने हरभरा खाल्ला तर शेतकरी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करतो; तोच रोही रस्त्यावर अंगावर आला तर कुठे जायचं, हे मला आजवर एकाही कार्यालयात धड सांगितलं गेलं नाही. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा अपघातांच्या भरपाईसाठी जिल्हावार समित्या नेमायला सांगितलं. जळगाव, धुळे, नंदुरबारला तशी समिती का असू नये? आमचे आमदार-खासदार याच रस्त्याने रात्री मुंबईची गाडी गाठायला जातात, तेव्हा विषय त्यांना नवा नसावा.

तोवर ज्यांना रात्री या रस्त्याने जावं लागतं त्यांनी पॉलिसीत 'ओन डॅमेज' (स्वतःच्या गाडीचं नुकसान) लिहिलंय का ते आजच पाहावं. धडक झालीच तर जागेवर फोटो काढावेत, आणि गाडी खोलायच्या आधी विमा कंपनीला कळवावं. खोललेल्या गाडीवर नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर वाद घालतो, आणि तो वाद माझ्या गॅरेजात होतो.

– एक गॅरेजवाला, चोपडा (जि. जळगाव)